गोठ्यापर्यंत पोचणारा माणूस

वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा करून आपली दिवाळी सुरू होते. बेंदराला बैलाच्या शिंगांना रंग, पाठीवर झूल आणि मुखी पुरणपोळी असा थाट असतो. मुक्या जनावरांविषयीची कृतज्ञता सणवारांत गुंफून पिढ्यान्‌पिढ्या जपणारी ही परंपरा अभिमानास्पद आहे, यात शंका नाही. परंतु कृतज्ञतेची कसोटी सणाच्या दिवशी लागत नाही. ती आडवेळी लागते. कोवळा लसूणघास अधिक खाण्यात येऊन गाईची डावी कूस नगाऱ्यासारखी फुगते आणि तिला श्वास घेणे कठीण होते. म्हैस विते, पण वार पडत नाही. वासरू आडवे येते. रात्रीचे अकरा वाजलेले असतात, तालुक्याचे गाव पंचवीस-तीस किलोमीटरवर असते आणि घरधन्याला घटकाघटकेचा हिशेब करावा लागतो. अशा वेळी मोटारसायकलीच्या मागे औषधांची पेटी बांधून जो माणूस गोठ्यापर्यंत पोचतो, तो बहुतेक वेळा पदवीधर पशुवैद्यक नसतो. तो असतो पशुधन पर्यवेक्षक किंवा खासगी व्यवसाय करणारा पदविकाधारक. गाव त्याला ‘डॉक्टर’ म्हणते, कायदा म्हणत नाही. आणि समाजाने तर त्याचा विचारच केलेला नाही. त्याचा विचार व्हावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

कोरडवाहू जिल्ह्याची चालती ठेव

पशुपालन हा शेतीचा जोडधंदा, असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. सोलापूरसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यात अवघड वर्षी हे नाते उलटे होते. पाऊस हुकला की ज्वारी जाते, तूर जाते आणि घर चालते ते दुधाच्या पंधरवड्याच्या बिलावर. उजनीच्या पाण्याने ज्या पट्ट्यात ऊस आला, तेथील गोष्ट निराळी. परंतु सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट, करमाळा या तालुक्यांतील कोरडवाहू शेतकऱ्याची खरी ठेव बँकेत नसते, ती दावणीला असते.

ही ठेव मोठी गुणी आहे. माणदेशाच्या माळावर घडलेला खिलार बैल चपळ आणि काटक म्हणून महाराष्ट्रभर नावाजला जातो. तलवारीसारख्या लांब, खांद्यामागे गेलेल्या शिंगांची पंढरपुरी म्हैस कमी चाऱ्यावर आणि कडक उन्हातही दूध देते. कोल्हापुरात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून दूध देण्याची जी प्रथा प्रसिद्ध आहे, ती या म्हशीच्याच बळावर. शेजारच्या जिल्ह्यातून आलेली उस्मानाबादी शेळी भूमिहीन मजुराच्या घरातील लेकीबाळींची फी भरते. जानेवारीत श्रीसिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या काळात भरणारा जनावरांचा बाजार ज्याने पाहिला असेल, त्याला या जिल्ह्याचे अर्थकारण निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

ही ठेव जिवंत असल्यामुळे ती एका रात्रीत बुडूही शकते. दुभती म्हैस गेली तर नुसते एक जनावर जात नाही; तिच्या दुधावर फिटणारा हप्ता, मुलाचे शिक्षण आणि घरातील बाईच्या हातातील चार पैसे, सारेच जाते. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत या जिल्ह्यात चारा छावण्या उभ्या राहिल्या. एकेका छावणीत दाटीने बांधलेल्या शेकडो जनावरांत एखादी साथ शिरली असती तर काय अनर्थ ओढवला असता, याची कल्पना करवत नाही. तो अनर्थ टाळण्यासाठी दावणीदावणीतून लस टोचत, जखमा धूत फिरणारी माणसे कोण होती, याची आठवण छावणीचे राजकारण रंगविणाऱ्यांपैकी कितीजणांनी ठेवली?

पडद्यामागचे हात

पशुवैद्यकीय दवाखान्याची रचना ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडे विवरण आवश्यक आहे. पशुधन विकास अधिकारी हा साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला पदवीधर पशुवैद्यक असतो. त्याच्या हाताखाली पशुधन पर्यवेक्षक, व्रणोपचारक आणि परिचर अशी उतरंड असते. श्रेणी-१ चा दवाखाना पशुवैद्यकाच्या ताब्यात आणि श्रेणी-२ चा दवाखाना पर्यवेक्षकाच्या भरवशावर, अशी व्यवस्था महाराष्ट्रात कित्येक दशके चालत आली. अलीकडे शासनाने खात्याची पुनर्रचना करून श्रेणी-२ च्या दवाखान्यांची श्रेणीवाढ करण्याचे धोरण स्वीकारले, ते स्वागतार्हच आहे. मात्र पाटी बदलल्याने काम करणारे हात बदलत नाहीत.

हे हात काय करतात? पाचशे किलोंचा बिथरलेला बैल दोरखंडाने पाडून त्याला इजा न होऊ देता धरून ठेवतात. खोड्यात घेतलेल्या गाईच्या मानेची शीर चाचपून सलाईन लावतात. जखमेतील किडे चिमट्याने एकेक करून काढतात. माजावर आलेली गाय सकाळी दिसली तर सायंकाळी रेतन करायचे, हा हिशेब सांभाळतात. उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नत्रवायूतून वीर्याची कांडी काढून ती ३७ अंशांच्या कोमट पाण्यात जेमतेम अर्धा मिनिट ठेवतात आणि मग रेतन करतात. पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प आणि फऱ्या, त्यानंतर लाळ्या-खुरकूत, शेळ्यामेंढ्यांना आंत्रविषार अशा लसीकरणाच्या फेऱ्या वर्षभर चालतात. लस २ ते ८ अंशांत राहिली नाही तर ती निरुपयोगी ठरते, आणि सोलापूरचा उन्हाळा तर पारा चाळिशीपार नेणारा. बर्फाची पेटी छातीशी धरून वस्तीवस्तीवर जाणाऱ्या या माणसाच्या दक्षतेवर लसीचा गुण अवलंबून असतो. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या सीमाभागात त्याला मराठीइतकीच कन्नडही यावी लागते. कारण जनावर बोलत नाही, आणि त्याचे दुखणे सांगणारी घरधनीण कन्नडमध्ये सांगते.

देखरेख कागदावर, अंतर रस्त्यावर

आता कायद्याकडे वळू. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ या कायद्याच्या कलम ३० नुसार पशुवैद्यकीय व्यवसायाचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाला राज्य शासन किरकोळ स्वरूपाच्या सेवा देण्याची मुभा देऊ शकते. पण त्या नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि निर्देशानुसार. लसीकरण, खच्चीकरण, मलमपट्टी ही कायद्यानेच दिलेली उदाहरणे आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये अधिसूचना काढून अशा सेवांची यादी निश्चित केली.

कायद्याचा हेतू निर्दोष आहे. अर्धवट ज्ञानाच्या हाती मुक्या जिवाचे प्राण सोपवू नयेत, हे तत्त्व कोण नाकारील? परंतु देखरेख हा शब्द कागदावर जितका सोपा आहे, तितका रस्त्यावर नाही. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली पाच हजार पशुघटकांमागे एक पशुवैद्यक असावा, अशी शिफारस केली होती. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे ३ कोटी ३० लाख पशुधन आहे. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या मिळून झालेल्या एवढ्या संख्येला प्रत्येक वेळी पदवीधर पशुवैद्यक कोठून पुरणार? सोलापूरच्या मुलाला पशुवैद्यकाची पदवी घ्यायची तर शिरवळ, उदगीर, परभणी किंवा मुंबई गाठावी लागते. आणि पदवी घेऊन तो सांगोल्याच्या वाडीवर परतेलच, याची हमी कोणी द्यावी?

अशा परिस्थितीत पर्यवेक्षकापुढे मध्यरात्री जो पेच उभा राहतो, त्याला कायद्यात उत्तर नाही. अडलेले वासरू मोकळे करणे हे किरकोळ काम नव्हे. हात घातला तर अधिकाराबाहेरचे वर्तन. हात आखडता घेतला तर डोळ्यांसमोर गाय मरते आणि घरधनी जन्मभर शिव्या देतो. यश आले तर ते देवाचे आणि अपयश आले तर ते याचे! २०२१ साली राज्यभरातील पर्यवेक्षक आणि पदविकाधारकांनी आपल्या मागण्यांसाठी आंदोलन केले, तेव्हा वृत्तपत्रांनी ती वेतनाची आणि हुद्द्याची भांडणे म्हणून रंगविली. त्यामागचा हा नैतिक पेच फारसा कोणी पाहिला नाही.

लम्पीने घेतलेली परीक्षा

२०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून लम्पी चर्मरोगाने महाराष्ट्रात डोके वर काढले आणि पाहता पाहता तो राज्यभर पसरला. जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली. गाईबैलांच्या अंगावर गाठी, पायांना सूज, तोंडात व्रण, डोळ्यांत पाणी, असे ते दृश्य पाहून धीराची माणसेही खचली. राज्यातील सुमारे १ कोटी ४० लाख गोवंशापर्यंत लस पोचविण्याचे आव्हान उभे राहिले. शेळ्यांच्या देवीवरील लस गाईबैलांना एकेक मिलिलिटर, कातडीखाली टोचायची होती. सरकारी कर्मचारी अपुरे पडले, तेव्हा पशुवैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थी आणि खासगी पदविकाधारक यांनाही मैदानात उतरावे लागले.

लम्पीने एक गोष्ट लख्ख उजेडात आणली. विषाणूवर थेट मारा करणारे औषध नव्हते. जनावर वाचले ते शुश्रूषेने. फुटलेली गाठ रोज धुणे, माशी बसू न देणे, उभे राहू न शकणाऱ्या बैलाला कूस बदलून देणे, तोंडातील व्रणांमुळे खाता येत नसेल तर हाताने पातळ पेज भरविणे, ज्वर मोजणे, आणि हे सारे दिवसांमागून दिवस करणे. निदान करणारा पशुवैद्यक जितका महत्त्वाचा, तितकीच ही परिचर्या महत्त्वाची. माणसांच्या रुग्णालयात परिचारिकेचे स्थान आपण मान्य केले आहे; तिचे शिक्षण, नोंदणी, परिषद, सारे आहे. जनावरांच्या परिचर्येला मात्र आपण आजही ‘हाताखालचे काम’ समजतो.

जिवावरचे काम

या कामातील धोक्याची जाणीव तर फारच थोड्यांना आहे. लाथ बसणे, शिंग लागणे हा नित्याचाच भाग. खरा धोका डोळ्यांना दिसत नाही. सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस, हा रोग गर्भपात झालेल्या गाईच्या वारेतून आणि स्रावातून माणसाला होतो. वारंवार चढउतार करणारा ताप आणि सांध्यांचे दुखणे महिनोन्‌महिने पाठ सोडत नाही. २०१९ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना या रोगाची लस दिली जाते. ती लस जिवंत जंतूंची आहे. टोचताना कालवडीने हिसका दिला आणि सुई स्वतःच्याच बोटात घुसली, तर टोचणाराच रोगी होऊ शकतो.

पिसाळलेल्या जनावराची गोष्ट याहून भयंकर. म्हैस लाळ गाळते, तिला गिळता येत नाही. घरच्यांना वाटते, घशात काहीतरी अडकले आहे. बोलावलेला माणूस तिच्या तोंडात हात घालून पाहतो. हाताला एखादी ओरखड असली आणि त्या म्हशीला रेबीज असला, तर पुढचे सांगायला नको. एकदा लक्षणे दिसू लागली की या रोगावर इलाज नाही. प्रतिबंधक लस आधीच घेऊन ठेवता येते, हातमोजे वापरता येतात. परंतु ही साधने आणि ही लस प्रत्येक पर्यवेक्षकाला, परिचराला आणि खासगी सेवकाला मिळतेच, असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकेल काय?

शहरातील दवाखाना आणि आपल्या घरातील दूध

हा प्रश्न केवळ खेड्याचा आहे, असे मानून शहरी वाचकाने पान उलटू नये. सोलापूर शहरातही आता मध्यमवर्गीय घरांत कुत्री-मांजरे सर्रास पाळली जातात. आपण लाडक्या कुत्र्याला खासगी दवाखान्यात नेतो, तेव्हा डॉक्टरांशी बोलणे पाच मिनिटांचे असते. त्याला टेबलावर धरणारा, पायाचे केस भादरून शीर मोकळी करणारा, शस्त्रे निर्जंतुक करणारा, भूल दिल्यावर हिरड्यांचा रंग आणि श्वासाची लय पाहत बसणारा, पार्व्होने रक्ताचे जुलाब होणाऱ्या पिलाचे सलाईन रात्रभर सांभाळणारा सहायक आपल्या नजरेतही भरत नाही. असा सहायक आपल्याकडे सहसा पाहून पाहून शिकलेला असतो. इंग्लंडमध्ये १९६१ पासून पशुपरिचारकांचे रीतसर प्रशिक्षण आणि नोंदणी सुरू आहे. साडेसहा दशकांनंतरही आपण ‘एक हुशार पोरगा ठेवला आहे’ यावरच समाधान मानावे काय?

शिवाय खेड्यातील गोठा आणि शहरातील स्वयंपाकघर यांना जोडणारा धागा आहे तो दुधाचा. काससुजी झालेल्या गाईच्या सडात प्रतिजैविक सोडले, तर पुढील काही दिवस ते दूध विक्रीस घालू नये, हा नियम आहे. तो शेतकऱ्याला समजावून सांगायचा कोणी? सुई टोचणाऱ्यानेच. ते त्याला शिकविलेले नसेल, किंवा शिकूनही सांगण्याचे नैतिक बळ नसेल, तर ते औषध आपल्या मुलांच्या पेल्यात उतरते. याहून मोठे उदाहरण गिधाडांचे. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिलेल्या डायक्लोफेनॅकचा अंश मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेला आणि देशातील गिधाडे नामशेष होण्याच्या काठावर पोचली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. कोणत्या कुपीतील औषध सिरिंजमध्ये ओढायचे, या एका लहानशा निर्णयाचे पडसाद आकाशापर्यंत उमटतात.

मधली पायरी बांधायला हवी

या विषयात दोन टोकाच्या भूमिका ऐकू येतात. एक म्हणते, पदवीधराखेरीज कोणी जनावराला हातच लावू नये. दुसरी म्हणते, वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना डॉक्टरच म्हणून टाका. पहिलीने गोठे ओस पडतील, दुसरीने उपचाराची प्रत ढासळेल. आमच्या मते खरी गरज मधली पायरी भक्कम बांधण्याची आहे.

त्यासाठी चार गोष्टी तातडीने व्हाव्यात. पहिली, पदविकाधारकांची स्वतंत्र, अद्ययावत नोंदवही असावी आणि ठरावीक वर्षांनी उजळणी प्रशिक्षण सक्तीचे असावे. म्हणजे शिकलेला सेवक आणि भोंदू यांतील फरक शेतकऱ्याला कळेल. दुसरी, देखरेख खरी व्हावी. आता फिरती पशुवैद्यकीय पथके आणि १९६२ हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे, घरोघर चित्रसंवादाची सोय असलेले फोन आहेत. मध्यरात्री अडलेल्या गाईपाशी उभ्या असलेल्या सेवकाला पशुवैद्यकाचा निर्देश तत्काळ मिळेल आणि त्याची नोंद राहील, अशी व्यवस्था अशक्य नाही. तिसरी, रेबीजची प्रतिबंधक लस, संरक्षक साधने आणि विमा हे सरकारी असो वा खासगी, या कामातील प्रत्येकाला मिळावे. चौथी, शहरी दवाखान्यांतील सहायकांसाठी महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने लहान मुदतीचा मराठी अभ्यासक्रम चालवावा. २००० साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला ते अवघड नाही.

आणि समाजाने? २०२४ मध्ये राज्य शासनाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून घोषित केले आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिन ५० रुपयांचे अनुदान देण्याचा निर्णय घेतला. २०२५ मध्ये पशुपालनाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा देण्याचे ठरले. हे निर्णय आनंदाचे आहेत. पण गाईला माता म्हणणाऱ्याने मातेच्या परिचारकाची विचारपूस करू नये, हे विसंगत आहे. गोशाळेसाठी चाऱ्याची देणगी चटकन मिळते; प्रशिक्षित सेवकाच्या पगारासाठी मात्र विश्वस्तांना झोळी फिरवावी लागते. गोसेवेचे काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्याकडे पदविकाधारक सेवक आहे काय, त्याला सन्मानाचे वेतन मिळते काय, त्याने रेबीजची लस घेतली आहे काय, असे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत.

महाभारतातील विराटपर्वाचे स्मरण येथे उचित ठरेल. अज्ञातवासात नकुलाने ग्रंथिक नाव घेऊन विराटाच्या अश्वशाळेचे आणि सहदेवाने तंतिपाल होऊन गोधनाचे काम पत्करले. राजकुलातील दोघा वीरांना पागेत आणि गोठ्यात राबण्यात कमीपणा वाटला नाही. व्यासांनाही तो सांगण्यात वाटला नाही. शालिहोत्राची अश्वचिकित्सा आणि पालकाप्याचे हस्त्यायुर्वेद यांचा गौरवाने उल्लेख करणाऱ्या आपण, त्याच विद्येची आज शेणामातीत उतरून सेवा करणाऱ्यांना कोणत्या रांगेत बसवतो?

कार्यकर्त्यांना एक सहज करता येण्याजोगे काम सुचवावेसे वाटते. आपल्या गावच्या किंवा वस्तीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात या महिन्यात एकदा जावे. तेथील पर्यवेक्षकाला, परिचराला भेटावे. लस ठेवायचे शीतकपाट चालू आहे का, खोडा धड आहे का, हातमोजे पुरेसे आहेत का, हे विचारावे. आणि जे नसेल ते मिळवून देण्यासाठी पंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत पाठपुरावा करावा. गावात दहावी-बारावी झालेला, जनावरांची ओढ असलेला एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्यांना या पदविकेची वाट दाखवावी. मुलींचा उल्लेख मुद्दाम केला. कारण शेळ्या आणि दुभती जनावरे सांभाळणाऱ्या बहुसंख्य हातांत बांगड्या आहेत, आणि पशुसखी म्हणून काम करणाऱ्या भगिनींनी हे क्षेत्र स्त्रियांना परके नाही, हे दाखवून दिले आहे.

मुके जनावर मत देत नाही, मोर्चा काढत नाही, आभारही मानत नाही. त्याच्या वतीने बोलणारे कोणी असेल, तर ते त्याच्या दावणीपर्यंत जाणारे हेच लोक. त्यांना ज्ञान, संरक्षण आणि मान हे तिन्ही देणे, हे आपले कर्तव्य आहे.